वाचलेल्या जीवनाचे मोल कोणी ठरवावे?

‘प्राण वाचले’ हे दोन शब्द कानी पडले की आप्तांचा जीव भांड्यात पडतो. बुडालेला वर आला, विष उतरले, ज्वर हटला, म्हणजे या दोन शब्दांनी सारी चिंता मिटते. परंतु मनुष्यावर ओढवणाऱ्या आपत्तींमध्ये एक अशी आहे की, तेथे याच शब्दांनी चिंता मिटत नाही, उलट तिचा आरंभ होतो. ती आपत्ती म्हणजे मस्तकावर झालेला जबर आघात. हात मोडला तर हाताचा धनी शाबूत असतो. मेंदू दुखावला म्हणजे मात्र स्मृती, वाणी, विवेक, स्वभाव, ज्यांच्या योगाने आपण माणसाला ओळखतो ते सर्वच डळमळते.

ही आपत्ती विरळा नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा शेकडा चव्वेचाळीसहून अधिक होता आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. मेले त्यांची ही गणना झाली. जे वाचले, परंतु पूर्वीसारखे परतले नाहीत, त्यांची गणना घराघरांतच होत असते.

अशा एका प्रसंगाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मध्यरात्र उलटली आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर एका गृहस्थाला सांगत आहेत : “मेंदूला सूज आहे. औषधांनी दाब उतरत नाही. कवटीचा एक भाग काढून ठेवला तर प्राण वाचण्याचा संभव वाढेल. परंतु पुढे तो बोलेल, चालेल, ओळखेल, असे वचन देता येणार नाही. काय करायचे ते सांगा.” बाप विचारतो, “डॉक्टरसाहेब, तो पूर्वीसारखा होईल ना?” आई विचारते, “माझ्या हातचे जेवेल का?” आणि मागे उभा असलेला काका हळूच म्हणतो, “दादा, नुसते जगवून काय उपयोग?” तिघांचेही त्या मुलावर प्रेम आहे, परंतु जगणे कशाला म्हणावे याविषयी तिघांची उत्तरे तीन आहेत. यांतील कोणते खरे मानावे, हाच येथे विचाराचा विषय आहे.

सद्‌भावना आणि ज्ञान

प्रथम शरीरशास्त्र काय सांगते ते पाहिले पाहिजे. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. अन्य बहुतेक अवयव सुजले तर त्यांना बाहेर फुगण्यास वाव असतो, मेंदूला तो नाही. सूज आली किंवा आत रक्त साचले की पेटीतील दाब वाढतो. दाब वाढला की मेंदूकडे येणारे रक्त अडते आणि जो भाग पहिल्या आघातातून वाचला होता तोही मरू लागतो. पहिला आघात क्षणात होऊन जातो व त्याला उपाय नसतो. हा दुसरा आघात मात्र काही तासांत, काही दिवसांत घडत असतो, आणि वैद्यकाची सारी धडपड त्याला अडविण्यासाठीच असते.

या धडपडीत केवळ सद्‌भावना पुरत नाही, याचा एक मोठा दाखला आहे. सूज उतरविणारी म्हणून प्रसिद्ध असलेली स्टिरॉइड औषधे अनेक वर्षे जगभर मस्तकाच्या आघातावर दिली जात होती. ती देणाऱ्या डॉक्टरांच्या मनात रुग्णाच्या हितावाचून दुसरे काही नव्हते. पुढे ‘क्रॅश’ नावाच्या अभ्यासात १०,००८ रुग्णांवर याची परीक्षा झाली. २००४ साली निष्कर्ष आला तो असा की, औषध दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत शेकडा २१.१ दगावले आणि न दिलेल्यांपैकी १७.९. जे तारक मानले होते ते मारक ठरले. म्हणून ‘जे जे करता येईल ते सर्व करा’ हे आप्तांचे वाक्य कितीही कळकळीचे असले तरी तो स्वयंसिद्ध धर्म नव्हे. काय केल्याने काय होते, हे जाणून केलेली कृती आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळावे म्हणून केलेली कृती, या दोहोंत फार अंतर आहे.

एकच गणित, दोन निष्कर्ष

आता त्या गृहस्थापुढील शस्त्रक्रियेचाच विचार करू. कवटीचा मोठा भाग काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून द्यावयाची, हा उपाय सरळ बुद्धीला पटणारा आहे. इतर उपायांनी दाब हटत नाही अशा ४०८ रुग्णांवर त्याची तुलनात्मक परीक्षा झाली आणि २०१६ साली ‘रेस्क्यू-आयसीपी’ या नावाने तिचे फलित प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा, केवळ औषधोपचार चालू ठेवलेल्यांपैकी शेकडा ४८.९ मरण पावले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६.९. म्हणजे शंभर शस्त्रक्रियांमागे सुमारे बावीस प्राण अधिक वाचले. एवढ्यावरच थांबले तर शस्त्रक्रियेचा जयजयकार करावा लागेल.

परंतु हे बावीस कोणत्या अवस्थेत वाचले? सुमारे सहा जण अशा अवस्थेत की डोळे उघडतात, झोप-जाग येते, पण भोवतालचे भान असल्याची खूण दिसत नाही. सुमारे आठ जण पूर्णपणे दुसऱ्याच्या आधाराने जगणारे. आणि सुमारे आठ जण निदान घरातल्या घरात स्वतःचे स्वतः करू शकणारे, किंवा त्याहूनही बरे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा अभ्यासांत रुग्णाची अवस्था मोजण्यासाठी एक पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. ती १९७५ साली ग्लासगो येथे जेनेट आणि बाँड यांनी सिद्ध केली. मृत्यूपासून उत्तम सुधारणेपर्यंत तिच्या पाच पायऱ्या होत्या, पुढे आठ झाल्या. या पायऱ्यांवर कोठेतरी एक रेषा ओढतात आणि म्हणतात : रेषेच्या वर ते अनुकूल फल, खाली ते प्रतिकूल. ‘घरात स्वावलंबी, परंतु घराबाहेर एकट्याने जाण्यास असमर्थ’ ही पायरी वरील अभ्यासाने अनुकूल बाजूस घातली. तसे केल्यावर सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या बाजूला शेकडा ४२.८ आणि औषधांच्या बाजूला ३४.६ अनुकूल ठरतात. एक वर्षाने तर ते ४५.४ आणि ३२.४ असे होतात. पण रेषा एकच पायरी वर सरकवा, म्हणजे घराबाहेरही स्वावलंबी असेल तोच ‘बरा’ असे म्हणा, की सहा महिन्यांचे आकडे २७.४ आणि २६.६ असे जवळजवळ सारखे होतात. रुग्ण तेच, जखमा त्याच, आकडेही तेच. रेषा हलली आणि ‘लाभ आहे’ याचे ‘लाभ नाही’ झाले.

ती रेषा कोठे ओढावी हे शस्त्राने सांगता येत नाही, गणितानेही सांगता येत नाही. आईच्या ‘जेवेल का?’ या प्रश्नात एक रेषा आहे, बापाच्या ‘पूर्वीसारखा’ या शब्दात दुसरी आणि काकाच्या ‘काय उपयोग?’ या उद्गारात तिसरी. शास्त्राने आकडे दिले, रेषा मात्र माणसानेच ओढली. ती ओढण्याचा अधिकार कोणाचा, हा नीतीचा प्रश्न आहे.

तीन पुरुष

संस्कृत व्याकरणात क्रियापदाचे तीन पुरुष मानले आहेत. मराठीच्या रूढ क्रमाहून तो क्रम निराळा आहे. ‘तो’ हा तेथे प्रथमपुरुष, ‘तू’ हा मध्यमपुरुष आणि ‘मी’ हा उत्तमपुरुष. जगण्याच्या मोलाचा विचारही या तीन पुरुषांत होऊ शकतो. ‘तो कसा जगतो?’ असे दुरून विचारणे हा पहिला प्रकार. ‘तू कसा आहेस?’ असे जवळ बसून विचारणे हा दुसरा. आणि ‘मी असा आहे’ हे ज्याचे त्याने सांगणे हा तिसरा. ग्लासगोची मोजपट्टी उपयुक्त आहे, परंतु ती पहिल्या पुरुषातील आहे. ही उणीव जाणूनच अनेक देशांतील संशोधकांनी मस्तकाघातातून वाचलेल्यांसाठी ‘क्वॉलिब्री’ नावाची सदतीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि २०१० साली प्रसिद्ध केली. विचारशक्ती, स्वतःविषयीची भावना, दैनंदिन व्यवहारातील स्वातंत्र्य, माणसांशी संबंध, मनाची अवस्था आणि शरीराच्या तक्रारी, अशा सहा अंगांनी त्यांत समाधान-असमाधान विचारलेले आहे आणि उत्तर रुग्णाने स्वतः द्यावयाचे आहे.

ज्याने त्याने सांगितलेले उत्तर बाहेरून केलेल्या अंदाजाहून पुष्कळदा निराळे निघते. बेल्जियममधील संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील रुग्ण मुख्यतः मस्तकाघाताचे नव्हते. या रोगाचे कारण बहुधा मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार असते. त्यांना संपूर्ण भान होते, परंतु डोळ्यांच्या हालचालीखेरीज जवळजवळ सर्व शरीर निश्चल झाले होते. ज्यांची उत्तरे विचारात घेता आली अशा ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी आहोत असे कळविले आणि १८ जणांनी दुःखी. त्यांच्या खाटेशेजारी उभ्या राहिलेल्या निरोगी माणसाने हे प्रमाण कधी कल्पिले असते काय?

येथे पूर्वपक्ष बलवान आहे आणि तो टाळता कामा नये. तो म्हणतो : ज्यांना प्रश्नावली धाडली त्यांतील पुष्कळांनी उत्तरच दिले नाही. न बोललेले कदाचित अधिक दुःखी असतील. शिवाय मेंदूच दुखावला असता आपण काय गमावले याची जाणीवही दुखावते. मग त्या मनुष्याचे ‘मी सुखी आहे’ हे साक्ष म्हणून कसे धरावे? आणि जो काहीच बोलू शकत नाही त्याचा उत्तमपुरुष आणावयाचा कोठून?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, साक्ष अपुरी असली म्हणजे ती खोटी होत नाही आणि तिच्या जागी परक्याचा अंदाज बसविण्याचा अधिकारही त्यामुळे मिळत नाही. तथापि तिच्या जोडीला मध्यमपुरुषाची, म्हणजे रात्रंदिवस सोबत राहणाऱ्या आप्ताची, साक्ष घ्यावी लागते. ती नेहमीच गोड नसते. ग्लासगो येथेच १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आघातानंतर पाच वर्षांनी आप्तांवरील भार पहिल्या वर्षाहून वाढलेला होता, आणि त्या भाराचा संबंध लंगडेपणाशी तितका नव्हता जितका बदललेल्या स्वभावाशी होता. रागावणारा, संशय घेणारा, पोरासारखा हट्ट करणारा पती सांभाळणे हे चाकाची खुर्ची ढकलण्याहून जड आहे. ‘हा माझा तोच माणूस नव्हे’ असे एखादी पत्नी म्हणाली तर तिला निष्ठेचे पाठ देणाऱ्याने आधी चार रात्री तिच्या घरी काढाव्यात.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर संशोधनाने अनपेक्षित दिशेने दिले आहे. वाहन अपघातात जखमी झालेली २३ वर्षांची एक तरुणी. पाच महिने कोणत्याही हाकेला तिची ओ नव्हती. केंब्रिज येथील संशोधकांनी तिला मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितले, ‘आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर’. नंतर, ‘आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहोत अशी कल्पना कर.’ दोन्ही वेळी निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग उजळतात तेच तिच्याही मेंदूत उजळले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. २०२४ साली अनेक देशांतील संशोधकांनी असे दाखविले की, बाह्यतः आज्ञेला कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांत, म्हणजे चौघांत एका जणात, अशी आतली हालचाल यंत्रांनी टिपता येते. यावरून सर्वच निश्चल रुग्ण आतून जागे आहेत असे मुळीच सिद्ध होत नाही. चौघांतील तिघांत तशी खूण मिळालेली नाही. परंतु ‘तेथे आता कोणी नाही’ असे खाटेशेजारी मोठ्याने बोलण्यापूर्वी जिभेला आवरावे, इतके तरी सिद्ध होते.

त्याग कोणत्या कारणाने?

मग उपचार कधी थांबवूच नयेत काय? असेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते वाचकांना परिचितच आहेत. मोहाने केलेला त्याग वेगळा, शरीराला क्लेश होतील या भयाने केलेला वेगळा, आणि कर्तव्य ओळखून आसक्ती सोडून केलेला वेगळा. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात, भेद कारणात असतो. उपचार थांबविण्यालाही हीच कसोटी लावून पाहावी. निराशेच्या मोहाने थांबविले की पुढच्या कष्टांच्या भयाने, की ‘याने स्वतः हेच इच्छिले असते’ हे जाणून? तीच कसोटी चालू ठेवण्यालाही लागू आहे. लोक काय म्हणतील या भीतीने, किंवा वियोग सहन होत नाही म्हणून, निश्चेष्ट देहावर यंत्रांचा मारा चालू ठेवणे ही सेवा नसून आसक्तीच असू शकते. आणि ‘आत्म्याला काही होत नाही’ असे म्हणून देहाकडे पाठ फिरविणे हा वेदान्त नव्हे. तो आळस आहे.

घाईचा धोका येथे विशेष आहे. कॅनडातील सहा केंद्रांतील ७२० गंभीर रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मृतांपैकी शेकडा सत्तर जणांचे मरण जीवनरक्षक उपचार काढून घेतल्यानंतरचे होते, आणि हे प्रमाण केंद्रागणिक पंचेचाळीसपासून सत्त्याऐंशीपर्यंत बदलत होते. त्यांतील निम्मे निर्णय पहिल्या तीन दिवसांतच झाले होते. ‘हा वाचणार नाही’ म्हणून उपचार काढले आणि उपचार काढले म्हणून तो वाचला नाही, असे झाले तर भविष्य खरे ठरले की खरे करविले गेले? याच्या शेजारी २०२१ सालचा अमेरिकेतील अभ्यास ठेवून पाहावा. दोन आठवड्यांनंतरही भानाची खूण नसलेल्या ७९ जणांपैकी ६२ जण वर्षाच्या आत भानावर आले. त्यांतील पुष्कळांचे अपंगत्व राहिले, हेही खरे. परंतु दोन आठवड्यांत मांडलेला हिशेब वर्षाअखेर पुष्कळदा चुकतो, एवढा बोध त्यातून घेतलाच पाहिजे.

भारताच्या न्यायालयासमोरही हा प्रश्न आला होता. मुंबईतील केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या अंथरुणास खिळल्या. त्यांचा आघात मस्तकावरील नव्हता, पण पुढील प्रश्न तोच होता. त्यांचे अन्न बंद करावे, अशी विनंती बाहेरील व्यक्तीने केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली काही मर्यादांत उपचार थांबविणे तत्त्वतः मान्य केले, परंतु त्यांच्या बाबतीत ती विनंती नाकारली. कारण ज्या परिचारिकांनी वर्षानुवर्षे त्यांना भरविले, स्वच्छ ठेविले, त्यांना ते नको होते. मध्यमपुरुषाची साक्ष न्यायालयाने वजनदार मानली. २०१५ साली त्या मरण पावल्या, तोवर ती सेवा चालू राहिली. पुढे २०१८ साली न्यायालयाने उत्तमपुरुषालाही वाट दिली. आपण असाध्य अवस्थेत गेलो तर कोणते उपचार नकोत, हे सज्ञान मनुष्याला शुद्धीत असताना लिहून ठेवता येईल, असे ठरले. २०२३ साली त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो लेख करता येतो.

तात्पर्य

आता पुन्हा त्या दाराशी जाऊ. ‘पूर्वीसारखा होईल ना?’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नाही, कारण पूर्वीसारखे या जगात काहीच होत नाही. ‘काय उपयोग?’ हा प्रश्न तर विचारण्यासारखाच नाही. माणूस ही उपयोगाची वस्तू नव्हे, आणि उपयोगावर माणसे ठेवावयाची झाल्यास म्हाताऱ्यांनी व तान्ह्या मुलांनी जावे कोठे? विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. शंभरांत किती वाचतात आणि कोणत्या अवस्थेत वाचतात? थांबून पाहण्यास वेळ आहे की नाही? आणि सर्वांत महत्त्वाचा : तो स्वतः काय म्हणाला असता? आईच्या प्रश्नात निदान नाते तरी आहे. आपल्या हातून त्याला काय देता येईल, हे ती विचारते आहे.

बापाने होकार दिला तर तो एका रात्रीचा होकार नव्हे. पुढील कित्येक वर्षे भरविणे, कुशी वळविणे, शिकविलेला शब्द पुन्हा शिकविणे आणि रागावलेल्याचा राग गिळणे, हे सर्व त्या सहीत आले. ते एकट्या सुनेच्या किंवा एकट्या आईच्या पदरात टाकून ‘आम्ही त्याला वाचविले’ असे घराने म्हणणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. त्याने नकार दिला, आणि तो मुलाची इच्छा जाणून, डॉक्टरांचे ऐकून, पुरता विचार करून दिला, तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोचत नाही.

परंतु असा प्रश्न मध्यरात्री, परक्या ठिकाणी, पहिल्यानेच विचारला जावा हे कोणाही गृहस्थास हिताचे नाही. ज्या घरात मुलीच्या लग्नाचे आणि जमिनीच्या वाटणीचे बोलणे होते, त्या घरात एखाद्या सायंकाळी हेही बोलणे व्हावे. प्रत्येकाने आपली रेषा कोठे आहे ते आपल्या माणसांना सांगून ठेवावे. रस्त्यावर पडलेल्या जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, हे मुलांना सांगावे. आणि उद्या सकाळी गाडीवर बसणाऱ्या मुलाच्या हाती हेल्मेट देऊन, त्याने ते डोक्यावर चढवून पट्टा बांधीपर्यंत बापाने दारातून हलू नये.